चार की दोन

सुऱ्या, परवा गुरुवारी गावाहून बंड्याचा फोन आला. मंडळाचा सेक्रेटरी झालाय तो आता, आवाजसुद्धा सेक्रेटरीसारखा काढतो. तुझं तेरावं होऊन आठ दिवस नाही झाले तोवर यांची मीटिंग झाली आणि दिवाळीनंतर तुझ्या नावाने कबड्डीचे सामने भरवायचं ठरलं. देवळासमोर मोठा बोर्ड लागणार. बोर्डावर तुझा तो चड्डीतला फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत 'एका चढाईत चार गडी'. दुबईत तुझ्याबरोबर सहा वर्षं काढली म्हणून स्मरणिकेतलं अर्धं पान मी लिहायचं. तिथे कसा धुमाकूळ घातला ते येऊ दे, असं बंड्या म्हणाला.

मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि स्टोअरमधल्या खुर्चीवर बसून राहिलो. समोर हँडलांचे खोके उघडे पडलेले, पोरं बिजागऱ्या मागायला येतायत, आणि मी कोऱ्या कागदाकडे बघतोय. काय लिहू, सांग ना. चार लिहू की दोन? बारा वर्षं आपण यावरून भांडलो. माझं म्हणणं चार, तुझं म्हणणं दोन. आणि भांडण अर्धं टाकून तू भातलावणीच्या दिवसांत ताप काढलास काय, चार दिवसांत खलास झालास काय. असं मध्येच उठून जातात का रे मेल्या?

तर बंड्याचं अर्धं पान राहू दे बाजूला. आधी तुझ्याशीच बोलतो.

आपल्या पटांगणात लहानपणापासून एकच कायदा. चढाईला गेलेल्याचा दम तुटला, की त्याने स्वतः हात वर करायचा आणि बाहेर बसायचं. देव समोर बसलाय, त्याच्या अंगणात पंच कशाला, असं म्हातारे म्हणायचे. बाहेरच्या गावांचे संघ यायचे त्यांना याचं हसू यायचं. पण आपल्याकडे पोराने हात वर केला नाही तर त्याची आई संध्याकाळी त्याला जेवायला वाढताना बोलून दाखवायची. तू सातव्या वर्षापासून हात वर करत आलास. मीही केला, गुडघा जाईपर्यंत.

गुडघा गेला म्हणून तर मला तालुक्याच्या सामन्यात टेबलापाशी बसवलं, गुणलेखक म्हणून. फायनलला शेवटची चढाई तुझी. दोघांनी तुला धरलं, तू त्यांना ओढत मध्यरेषेवर आलास, हात टेकलास, शिट्टी झाली. आणि शिट्टी झाल्यावर मागून धावत आलेले दोघे एकमेकांवर आपटून रेषेबाहेर पडले. पंच होते ते म्हातारे मास्तर, त्यांच्या डोळ्यांवर ऊन. त्यांनी टेबलाकडे बघून विचारलं, किती? मला चार पडलेले दिसत होते, मी चार बोटं दाखवली. शिट्टी आधी झाली की ते आधी पडले, हे मला नीट ठाऊक होतं. आता तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

तू ओरडून सांगत होतास, दोन, दोन. पण तोवर तुला खांद्यावर घेतलेलं. कोण ऐकतो? पुढे जो भेटेल त्याला तू सांगायचास, की चार नव्हते, दोन होते. आणि लोक म्हणायचे, बघा, एवढा मोठा खेळाडू पण किती नम्र! तुझ्या प्रत्येक 'दोन'बरोबर ते चार जास्तच पक्के होत गेले. त्या संध्याकाळी विहिरीवर पाय धुताना तू मला म्हणालास, वशा, उद्या मास्तरांकडे जाऊन सांग. मी म्हटलं, गुणलेखकाने हात वर करायचा कुठे कायदा आहे? हसण्यावारी नेलं मी ते.

मी दुबईला आलो, रास अल खोरमधल्या या अल्युमिनियमच्या खिडक्या-दारांच्या वर्कशॉपला स्टोअरकीपर म्हणून लागलो, तेव्हा मल्होत्रा साहेब मॅनेजर. माणूस दिल्लीचा, पण कबड्डीचं भलतं वेड. आसपासच्या कंपन्यांचे दर हिवाळ्यात शुक्रवारी सामने व्हायचे आणि साहेब दर वर्षी हरून यायचे, मग आठवडाभर सगळ्यांवर डाफरायचे. एकदा चहा पिताना मी बोलून गेलो, साहेब, हमारे गाँव में एक लड़का है, एक रेड में चार आदमी. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. साहेबांनी कप खाली ठेवला. महिन्याभरात तुझा व्हिसा.

तुझं लग्न होऊन सहा महिने झालेले. सुनंदा वहिनीला दिवस गेलेले. तू मला फोनवर विचारलंस, तिथे खेळायला बोलावतायत की कामाला? मी म्हटलं, अरे, दोन्ही. दोन वर्षं कर, रजेवर ये, पोराचं तोंड बघ, नाही पटलं तर परत जाऊ नकोस. इथे आल्यावर तुला हेल्पर म्हणून कटिंग मशीनवर उभं केलं आणि पासपोर्ट सगळ्यांचे जातात तिथे, ऑफिसातल्या लोखंडी कपाटात गेला. कागदावर हेल्पर, पण कामगार राहतात त्या अख्ख्या कॅम्पात तुझं नाव 'चारवाला'. नाव सोडून दुसरं काही घेऊन तू उतरला नव्हतास, आणि तेही मी दिलेलं.

पहिला शुक्रवार आठवतो? गोदामांमागची ती वाळू. खेळायच्या आधी आपण ती वर्कशॉपच्या जाळीने चाळायचो, कारण स्क्रू निघायचे, अल्युमिनियमचा कीस निघायचा, पायाला ब्लेडसारखा कापायचा. चाळून झाली तरी तू अनवाणी मैदानाची पूर्ण पाटी चालून बघायचास, एकेक फूट, टाचेने दाबत. बाकीचे ओरडायचे, यल्ला, यल्ला, चल लवकर, सूर्य बुडेल. तू तुझ्याच नादात. पलीकडे रस्त्यापार खाडीत ते गुलाबी पक्षी एका पायावर उभे, आणि तू म्हणायचास, बघ, त्यांनीसुद्धा आधी पाय टेकून बघितलाय.

आणि मग खेळ सुरू झाला नि तू गेलास, एकाला हात लावलास, परत आलास. पुन्हा गेलास, एक. पुन्हा, एक. साहेब खुर्चीवर पुढे सरकून बसलेले, ते हळूहळू मागे टेकले. शेजारच्या गोदामातला तो सातारकर क्रेनवाला मोठ्याने म्हणाला, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. सगळे हसले. मला एवढा राग आला की त्याच्याशी मी भांडलो, आणि कॅम्पात आल्यावर तुझ्याशी. झेप का घेत नाहीस? दोघांतिघांना अंगावर का घेत नाहीस? लोक काय एकेक गडी बघायला येतात?

तू बादलीत पाय बुडवून बसलेलास. म्हणालास, "वशा, मला परत यायचं असतं रे. एक घ्यायचा आणि घरी यायचं, एवढंच मला येतं."

मी तेव्हा ते कानाआड केलं. पण वही माझ्याकडेच असायची, म्हणून आता कबूल करतो. सहा हिवाळ्यांत तुझ्याइतका कमी वेळा बाद झालेला दुसरा कोणी माझ्या वहीत नाही. बाकीचे झेपा घ्यायचे, टाळ्या मिळवायचे आणि दुसऱ्या चढाईत पाय धरून झोपायचे. तू एकेक आणत राहायचास, आपण दर वर्षी सेमीफायनल, कधी फायनलपर्यंत जायचो, आणि तरी लोक विचारायचे, हाच का तो? तुझी खरी किंमत वहीत होती आणि तुझं नाव लोकांच्या तोंडात. वही मी कोणाला उघडून दाखवली नाही, कारण तिच्यात चार कुठेच नव्हते.

दोन वर्षं झाली. तुझ्याबरोबर आलेले सगळे हेल्पर रजेवर गेले, पासपोर्ट हातात घेऊन, सुटकेसला दोरी बांधून. तू अर्ज घेऊन गेलास तर साहेब म्हणाले, कप के बाद. कप झाला, हरलो. मग म्हणाले, अब नया ऑर्डर है, और अगले साल कप लेना है, तू गया और वापस नहीं आया तो? इन्शाल्ला अगले साल. इन्शाल्ला म्हणून माणसं चांगलं मागतात, साहेबांनी त्याची कडी करून तुझ्या दाराला लावली. साधा हेल्पर असतास तर कोणी तुला अडवलं नसतं. तू चारवाला होतास.

सायलीचा जन्म झाला तेव्हा तू कॅम्पात साखर वाटलीस. पेढे आणायला बर दुबईच्या बाजारात जायला सुट्टी मिळाली नव्हती. ती अडीच वर्षांची असताना मी रजेवर गेलो आणि तुझ्या पोरीला तुझ्याआधी मी पाहिलं. वहिनीने विचारलं, बाबा कुठे आहेत? पोरीने भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. तोच तो, तालुक्याच्या सामन्यातला, हार घातलेला. मी परत आल्यावर तुला हे हसत हसत सांगितलं. तू सगळं ऐकून घेतलंस, मग मशीनवर गेलास आणि त्या दिवशी जेवला नाहीस. माझ्या ते संध्याकाळी लक्षात आलं.

त्याच आठवड्यात तू स्टोअरमध्ये आलास आणि दार लोटून घेतलंस. तुझं तसं मागणं ते पहिलंच. म्हणालास, मी साहेबाला दहादा सांगितलं, ते हसतात. तू गुणलेखक होतास, तू सांग. चार नव्हते, दोन होते, तेही कसेबसे. एकदा नाव उतरलं की मला सोडतील. मी काय म्हणालो आठवतंय? म्हटलं, वेडा आहेस का, अरे यंदा कप घेऊ, साहेब स्वतः तुला विमानतळावर सोडतील.

खरं कारण ते नव्हतं. माझ्या मनोहरचा, धाकट्या भावाचा, व्हिसा साहेबांच्या टेबलावर होता. एकदा साहेबांना कळलं असतं की वसंतने पहिल्या दिवशीच थाप मारली, तर तो कागद गेला असता केराच्या टोपलीत, आणि माझी पंख्याखालची खुर्चीही. तुला मी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं. उतरवायची वेळ आली तेव्हा शिडी घेऊन उभा राहिलो आणि दिली नाही. मूग गिळून बसलो. तू बरं म्हणालास आणि गेलास.

त्या हिवाळ्यात आपण फायनलला आलो. साहेबांनी त्या दिवशी जे केलं ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे, तरी लिहितो. सामन्याआधी त्यांनी शर्टाच्या खिशातून तुझा पासपोर्ट काढला, सगळ्यांना दाखवला आणि पुन्हा खिशात ठेवला. "कप लाओ, पासपोर्ट ले जाओ." पोरांनी टाळ्या वाजवल्या. तू वाळू दाबत पाटीवरून चालत होतास, तू वर बघितलंस की नाही मला दिसलं नाही. खिशातून वरचा कोपरा दिसत होता तेवढा मी सामनाभर बघत होतो.

समोर शारजाचा संघ, सगळे आडदांड. शेवटचं मिनिट, आपण दोन गुणांनी मागे, त्यांचे चार गडी उरलेले, चढाई तुझी. मी टेबलावर होतो. तू नेहमीसारखा गेलास, कोपऱ्यातल्याला हात लावलास आणि वळलास, तेवढ्यात त्याने घोटा धरला. मग बाकीचे तिघे अंगावर. माणसांचा ढीग झाला आणि त्या ढिगातून तुझा एक हात बाहेर आला, वाळूत बोटं रुतवत, इंच इंच. रेषेला बोट लागलं. शिट्टी. चौघे बाद, वर अख्खा संघ बाद झाल्याचे, म्हणजे लोणाचे, दोन गुण, कप आपला. सुऱ्या, मी ओरडलो, असा आयुष्यात ओरडलो नव्हतो. चार! माझे चार! आठ वर्षांनी खरे झाले होते, आणि सगळ्यांदेखत. मला वाटलं, सुटलो आपण दोघेही.

पोरं धावत सुटली. साहेबांचा हात खिशाकडे गेलेला मी पाहिला. आणि तू उठलास, अंगावरची वाळू न झटकताच, आणि उजवा हात वर केलास.

पंच मंगळूरकडचे होते, भला माणूस. त्यांना कळेचना. त्यांनी हिंदीत विचारलं, काय झालं, लागलं का? तू म्हणालास, दम तुटला होता. ते म्हणाले, मी ऐकत होतो. तू म्हणालास, आप ने बाकी लोगों का आवाज सुना. रेषेच्या आधी माझा तुटला. त्यांनी तुला दोनदा विचारलं, बघ, दोनदा संधी दिली. तू दोनदा तेच सांगितलंस. मग त्यांनी निर्णय फिरवला. साहेबांनी खिशाचं बटण लावलं आणि गाडीकडे चालू लागले.

कॅम्पात त्या संध्याकाळी तुझ्याशी कोणी बोलेना. मी बोललो, ते न बोललो असतो तर बरं होतं. मी म्हटलं, कधी नव्हे ते चार आणलेस आणि तेही परत दिलेस. इथे कुठला आलाय देव? ही काय देवळासमोरची जागा आहे? पोरीचं तोंड बघायचंय ना तुला? मग कसला बाप तू? नावाला जागला नाहीस ते नाहीसच.

तू पायातला कीस काढत होतास, सुईने. मान वर न करता म्हणालास, "चार माझे नव्हतेच कधी, वशा. ते तू लिहिलेस."

बस्स, तेवढंच. नंतर तू सुई धुऊन डबीत ठेवलीस. माझ्याकडे तेव्हाही वेळ होता. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगता आलं असतं. मी गेलोही, पण मनोहरच्या कागदाचं विचारायला. महिन्याभरात तो इथे आला. विमानतळावर माझ्याबरोबर तू आलास त्याला घ्यायला. खालचा पलंग थंड असतो म्हणून तुझा पलंग त्याला दिलास आणि स्वतः वर गेलास. मशीनवर बोटं कशी सांभाळायची ते त्याला तू शिकवलंस. मनोहर अजून म्हणतो, सूर्यादादा नसता तर माझी दोन बोटं गेली असती. त्याचा व्हिसा कुठल्या दिवसांत टेबलावर होता हे तुला ठाऊक होतं, कारण फॉर्म भरायला तूच माझ्याबरोबर टायपिंगवाल्याकडे आला होतास. आणि तू एका शब्दाने मला विचारलं नाहीस. विचारायचं होतंस रे. शिव्या द्यायच्या होत्यास. तू गप्प राहिलास तेच मला जास्त लागलं!

आणखी तीन वर्षं गेली. माझा बाप वारला तेव्हा मला जायला जमलं नाही, तर कॅम्पाच्या मागे उन्हात खुर्ची टाकून तू माझं डोकं भादरलंस, आणि दहा दिवस माझ्यासाठी वेगळी पेज शिजवलीस. त्या दहा दिवसांत रोज ठरवायचो, आज सांगतो. तू पेज वाढायचास आणि मी खायचो. मला वाटायचं, मीच अडकलोय, माझ्या तोंडातून शब्दच निघत नाही. पण तुला कोणी अडकवलं होतं, आणि मी माझ्या पायाने जाऊन अडकलो होतो, यात फरक आहे ना?

शेवटी तुला सोडवलं कोणी? मल्होत्रा साहेबांची बदली अबुधाबीला झाली आणि नवीन साहेब आले, त्यांना फक्त क्रिकेट कळायचं. त्यांनी फायली चाळल्या आणि मला बोलावून विचारलं, हा हेल्पर कोण आहे, सहा वर्षं रजा नाही? मी नाव सांगितलं. त्यांनी ते कधी ऐकलं नव्हतं. दहा मिनिटांत कपाट उघडलं आणि पासपोर्ट बाहेर. ज्याला तुझं नाव माहीत नव्हतं त्याने तुला घरी पाठवलं. विमानतळावर तू मला मिठी मारलीस आणि म्हणालास, "ये गावाला. भांडण पुरं करू." मी इन्शाल्ला म्हटलं.

दीड वर्ष मिळालं तुला पोरीबरोबर. दीडच.

आता कालचं सांगतो. काल मी बंड्याच्या घरी फोन केला आणि म्हटलं, बोर्डावर चार लिहू नकोस. गुणलेखक मी होतो, सही माझी आहे, ते दोन होते. बंड्या आधी हसला, मग घाबरला. रंगाऱ्याने अक्षरं काढलीत, आमदार येणार आहेत, मेलेल्या माणसाचं नाव कशाला खाली आणता दादा, असं सगळं. म्हणजे बघ, तू गेलास तरी तुला सोडायला तयार नाहीत. मी ओरडलो त्याच्यावर, बरंच ओरडलो. तेवढ्यात मागून कोणीतरी बोललं आणि बंड्या म्हणाला, सायली आलीय इथे, टीव्ही बघायला. तिने ऐकलं सगळं. तिला बोलायचंय.

सात वर्षांची पोर. तुझ्यासारखाच सावकाश आवाज. तिने विचारलं, "काका, बाबांनी चार आणले होते की नाही?"

मी म्हटलं, गावात दोन आणले होते. दुबईत चार आणले होते, मी बघितले. पण ते त्याने परत दिले. तिने विचारलं, का? मी म्हटलं, दम तुटला होता. ती म्हणाली, कोणी बघितलं? मी म्हटलं, कोणीच नाही, पंचांनीसुद्धा नाही.

"मग हात वर करायलाच हवा ना," ती म्हणाली. जसं काही मला एवढं साधं ठाऊक नाही. तिला हे दीड वर्षात तू शिकवलंस की तिथल्या अंगणात खेळून तिला आपोआप आलं, कोण जाणे. मी तिला म्हटलं, आई आहे का घरी, जरा बोलाव. बंड्याचं घर ते तुझं घर, हाकेचं अंतर.

वहिनी आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. चार बोटांपासून मनोहरच्या व्हिसापर्यंत, मध्ये न थांबता. थांबलो असतो तर पुढे गेलो नसतो. सायलीचे बाबा तीन-चार वर्षं आधी घरी आले असते, ते माझ्यामुळे आले नाहीत, असं स्पष्ट म्हटलं. कार्ड संपत आल्याचा टूं टूं आवाज सुरू झाला. मग त्यांनी विचारलं, "हे त्यांना माहीत होतं?"

मी म्हटलं, हो वहिनी, त्याला सगळं माहीत होतं.

"त्यांनी कधी तुम्हाला बोलून दाखवलं?"

नाही, मी म्हटलं.

"मग मी काय बोलू, भाऊजी," असं त्या म्हणाल्या, आणि कार्ड संपलं. त्यांनी फोन ठेवला की कार्डाने तोडला, मला कळलं नाही. दुसरं कार्ड खिशात होतं. ते काढलं, बूथमध्ये उभा राहिलो, नंबर लावला नाही.

बंड्याला आज फॅक्स केलाय. अर्ध्या पानाची जागा होती, मी दोन ओळी लिहिल्या. तालुक्याच्या त्या सामन्यात शेवटच्या चढाईत सूर्यकांतने दोन गडी बाद केले, चार ही नोंद माझी आणि ती चुकीची. खाली सही, वसंत, गुणलेखक. ते छापतील की नाही माहीत नाही. तुझी फायनलची वही मी मनोहरबरोबर सायलीला पाठवतोय, तो पुढच्या महिन्यात रजेवर जातोय. त्या दिवशीच्या पानावर मी घाईघाईत चार लिहिले होते आणि मग खोडले होते. ते खोडलेलं तिला दिसेल.